पंपाला सेन्सर लावला, पुढे काय?

गेल्या अंकात डिजिटल इन्हेलरवर एक छोटी चौकट दिली होती. दम्याच्या नेहमीच्या पंपाला बसणारा सेन्सर, तो ब्लूटूथने मोबाइलशी जोडलेला, आणि कोणत्या दिवशी किती वाजता पफ (पंपाचा एक फवारा) घेतला याची अ‍ॅपमध्ये आपोआप नोंद, एवढीच माहिती त्यात होती. त्यावर नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रं आली. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आहे, पहाटेचं धुकं पडू लागलंय, छातीवाल्या डॉक्टरांकडची गर्दी वाढते आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आपलं औषध किंवा डोस बदलायचा असेल तर तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच बदलावा.

आई ६८ वर्षांची, पंधरा वर्षांपासून दमा. एक रोजचा पंप आहे आणि एक निळा, त्रास झाला की घ्यायचा. रोजचा पंप ती नियमित घेते की नाही तेच कळत नाही. विचारलं की म्हणते, "घेतला." सेन्सर घ्यावा का? घेताना काय बघावं? (पंचवटी)

पैसे खर्च करण्याआधी एक हिशेब करून बघा, त्याला काही लागत नाही. रोजच्या पंपावर १२० डोस असं छापलेलं असेल आणि सकाळी २, रात्री २ पफ सांगितले असतील, तर तो पंप ३० दिवसांत संपलाच पाहिजे. दिवाळीत उघडलेला पंप संक्रांतीला अजून सुरू असेल, तर आईच्या पोटात तीळगूळ जातोय, पण छातीत औषध निम्मंसुद्धा जात नाहीये. नवा पंप उघडला की त्याच्या प्लास्टिकवर मार्करने तारीख लिहा. उरलेले डोस दाखवणारा आकडा (डोस काउंटर) पंपावर असेल तर दर रविवारी त्याचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये टिपा. पंप कानाशी हलवून किंवा आतली डबी पाण्यात तरंगवून किती उरलंय ते ठरवू नका. औषध संपल्यावरही आतला वायू उरतो, त्यामुळे डबी हलते, फुसकन आवाजही येतो, आणि माणूस नुसता वायू ओढत राहतो.

निळ्या पंपाचाही हिशेब ठेवा. त्यात साधारण २०० पफ असतात. वर्षाला असे ३ किंवा त्याहून जास्त पंप लागत असतील, म्हणजे रोजचे सरासरी दीडहून जास्त पफ, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. १२ पंपांवर गेलं तर जिवाचा धोका वाढतो. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी (जीना) २०१९पासून नुसत्या निळ्या पंपावर मोठ्या माणसाचा दमा ढकलू नका असं स्पष्ट सांगितलं, ते यामुळेच.

हिशेब जुळत नसेल आणि का जुळत नाही ते उमगत नसेल, तेव्हा सेन्सरचा खरा उपयोग. सकाळचे पफ होतात आणि रात्रीचे राहतात का, एकादशीला किंवा पाहुणे आले की खंड पडतो का, निळा पंप पहाटे चारलाच का लागतो, हे वेळेच्या नोंदीतून दिसतं.

घेताना पाहायच्या गोष्टी. सेन्सर तीन जातींचे आहेत. पहिला प्रकार डबीच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो आणि फक्त दाबल्याची वेळ टिपतो. आपल्याकडे ल्युपिनने आणलेला 'अ‍ॅड्हेरो' या जातीचा. दुसऱ्या प्रकारात श्वास किती जोराने ओढला तेही मोजलं जातं. अमेरिकेत २०१८मध्ये मंजुरी मिळालेला 'प्रोएअर डिजिहेलर' तसा होता, पण कंपनीने २०२४मध्ये तो विकणं बंद केलं. अशा वस्तूचं अ‍ॅपही एक दिवस बंद पडू शकतं, हे घेताना डोक्यात ठेवा. तिसरा प्रकार आवाज टिपतो. डब्लिनमधल्या संशोधकांचं 'इन्का' नावाचं यंत्र पावडरच्या इन्हेलरला चिकटवलं जातं आणि श्वासाच्या आवाजावरून पद्धत बरोबर होती की चुकली ते ओळखतं. ते मुख्यतः अभ्यासात वापरलं गेलं.

आईचा पंप हातात घेऊनच दुकानात जा. सेन्सर ठरावीक आकाराच्या डबीवर बसतो. पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्याने "कंटेंट तोच आहे, कंपनी वेगळी आहे" म्हणून दुसरा पंप दिला की सेन्सर सैल बसतो किंवा बसतच नाही. पंपाचा डोस काउंटर डबीच्या डोक्यावर असेल तर टोपी त्यावर बसून तो झाकला जातो. आईची बोटं आखडत असतील तर टोपी लावल्यावर तिला एकटीला दाबता येतंय का, ते दुकानातच पाहा. दोन्ही हातांनी धरून, अंगठे खाली आणि दोन्ही तर्जन्या वर असं दाबलं तर जोर कमी लागतो. आणि अ‍ॅप बघणार कोण? अक्षरं बारीक असली, भाषा इंग्रजी असली आणि आईचा फोन साधा असला, तर तिच्या जवळ राहणाऱ्या कोणाच्या तरी फोनवर ते टाकावं लागेल.

वय ४४, द्राक्षबाग आहे. तीन महिने सेन्सर वापरतोय. अ‍ॅप म्हणतं ९५ टक्के डोस घेतले. तरी पहाटे धाप लागते, छातीत घरघर होते. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी केली की दोन दिवस हाल. मग या सेन्सरचा उपयोग काय? (निफाड)

तुमच्या सेन्सरने खोटं सांगितलेलं नाही. डबी ९५ टक्के वेळा दाबली गेली एवढंच त्याला माहीत आहे. दाबलेलं औषध जिभेवर बसलं, गालाला लागलं, नाकातून बाहेर गेलं की फुप्फुसात उतरलं, हे टोपीवाल्या सेन्सरला कळायची सोयच नाही. म्हणून आधी हात आणि श्वास तपासू.

आज रात्री आरशासमोर उभं राहून पंप घ्या, मागे दिवा लावा. दाबल्याबरोबर ओठांच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून पांढरा धूर निघाला, तर तेवढं औषध वाया गेलं. बहुतेक वेळा कारण एकच असतं, दाबणं आधी आणि ओढणं नंतर.

बरोबर क्रम असा. टोपण काढून आत कचरा नाही ना ते बघा. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा. पंपापासून तोंड बाजूला करून सावकाश पूर्ण श्वास सोडा. मुखनळी दातांच्या मध्ये, ओठ घट्ट, जीभ खाली. सावकाश ओढायला सुरुवात करा आणि सुरुवात झाली की लगेच एकदा दाबा. दाबल्यावर ओढणं थांबवू नका, चार-पाच सेकंद लांबवर ओढत राहा. मग तोंड मिटून दहा सेकंद श्वास धरा. दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने, पुन्हा हलवून. शेवटी चूळ भरून थुंका, घशातही गुळण्या करा. नाही तर आवाज बसतो आणि जिभेवर पांढरी बुरशी येते.

जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरा. वय ४४ म्हणून त्यात कमीपणा काही नाही. स्पेसरमध्ये एका वेळी एकच पफ मारायचा आणि लगेच ओढायचं, कारण औषध काही सेकंदांतच भिंतीला चिकटून खाली बसतं. दोन पफ एकदम मारून मग श्वास घेणारे खूप आहेत. अशाने दोन्ही पफांचं पूर्ण औषध आत जात नाही.

आता अ‍ॅप उघडा आणि टक्केवारी सोडून वेळा वाचा. रिपोर्टमध्ये सेकंद दिसत असतील तर फार चांगलं. रात्री ९:४२:०५ला एक पफ आणि ९:४२:०८ला दुसरा, अशी जोडी रोज दिसत असेल, तर तुम्ही एकाच श्वासात दोनदा दाबताय. तीन सेकंदांत श्वास सोडणं, हलवणं, पुन्हा ओढणं कोणालाच शक्य नाही. सकाळचे पफ पावणेसहाला आणि रात्रीचे साडेसातला होत असतील तर चालेल. पण रात्रीचे साडेअकराला आणि सकाळचे साडेपाचला असतील, तर मधला दिवस अठरा तासांचा झाला. आकडा ९५ टक्केच येतो, दिवसाची वाटणी मात्र बिघडलेली असते.

निळ्या पंपावरही सेन्सर असेल तर त्याच्या नोंदी वेगळ्या बघा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागला, किंवा रात्री दम्याने एकदा जरी जाग आली, तर दमा आटोक्यात नाही असंच धरायचं, रोजच्या पंपाचा हिशेब कितीही चोख असला तरी.

पद्धत सुधारून चार-सहा आठवड्यांत फरक नाही पडला, तर डॉक्टरांना आणखी काही गोष्टी सांगा. नाक कायम चोंदलेलं असणं, रात्री उशिरा जेवून आडवं झाल्यावर छातीत जळजळणं, तंबाखू-विडी, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी, काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब. डोळ्यात घातलेल्या थेंबाने दमा उसळतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

गंधकाबद्दल. ती भुकटी श्वासनलिकेला चिडवते. पंप कितीही नीट घेतला तरी उघड्या तोंडाने धुरळणी केली तर त्रास होणारच. ते काम दुसऱ्याकडे द्या. स्वतःच करायचं असेल तर एन-९५ मास्क नाकाच्या हाडावर घट्ट बसवा, दाढी असेल तर तो नीट बसत नाही. वाऱ्याला पाठ करा आणि काम झालं की बागेतच कपडे बदला. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देत असाल तर तिथे एन-९५ कामाचा नाही, कारण तो धूळ अडवतो, वायू अडवत नाही. धुरी चालू असताना शेडमध्ये जाऊच नका. अ‍ॅपमध्ये टीप लिहायची सोय असेल तर त्या दिवसावर 'धुरळणी' असं लिहून ठेवा. महिन्याभराने निळ्या पंपाचे ठिपके आणि धुरळणीचे दिवस शेजारी ठेवले की डॉक्टरांना वेगळं सांगावं लागत नाही.

अ‍ॅप पफ गाळतं. कधी न घेतलेले पफ दाखवतं. कंपनीत तीन पाळ्या आहेत, आठवण करून देणारा गजर भलत्याच वेळी वाजतो. सेन्सर बिघडलाय का? (सातपूर)

बहुतेक वेळा सेन्सर ठीक असतो, घोटाळा फोनच्या सेटिंगमध्ये असतो.

गाळलेले पफ. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली अ‍ॅप गुपचूप मारून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा, 'ऑटोस्टार्ट' असेल तर सुरू करा. अँड्रॉइड ११पर्यंतच्या फोनमध्ये ब्लूटूथची वस्तू शोधायला लोकेशनची परवानगी लागते. ती नाकारली की जोडणीच होत नाही, आणि माणूस सेन्सरला दोष देतो. अँड्रॉइड १२पासून 'जवळची उपकरणं' अशी वेगळी परवानगी विचारतात, ती द्या. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागत असेल तरी घाबरू नका. असे सेन्सर नोंद स्वतःच्या स्मृतीत ठेवतात. घरी आल्यावर पंप फोनजवळ ठेवून अ‍ॅप उघडलं की साठलेल्या नोंदी उतरतात. ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही. नेट लागतं ते नोंदी पुढे पाठवायला.

न घेतलेले पफ. नवा पंप उघडल्यावर किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप सुरू करताना हवेत काही पफ सोडावे लागतात. किती, ते पंपाच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. सेन्सर तेही डोस म्हणून मोजतो, म्हणून ते आधी सोडा आणि सेन्सर नंतर बसवा. बॅगेत डब्याखाली पंप दबला तरी पफ मोजला जातो. पंप टोपण लावून कडक डबीत ठेवा. घरात दोन पंप आणि दोन सेन्सर असतील तर धुताना अदलाबदल होते, आणि रोजच्या पंपाची नोंद निळ्याच्या नावावर चढते. सेन्सरवर आणि पंपाच्या प्लास्टिकवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा, हा गोंधळ होत नाही. पंप बदलल्यावर अ‍ॅपमध्ये 'नवा पंप' असं नोंदवायला विसरलात तर उरलेल्या डोसांचा आकडा चुकतो.

गजर. पाळी बदलली की गजर बदला, आणि तो घड्याळाऐवजी तुमच्या झोपेला बांधा. उठल्यावर एक, झोपायच्या आधी एक. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी नऊला झोपत असाल तर तुमची 'रात्र' साडेआठला. अ‍ॅपमध्ये आठवड्याप्रमाणे वेगवेगळ्या वेळा ठेवता येत नसतील तर अ‍ॅपचा गजर बंद करून फोनचा साधा अलार्म लावा.

माझा पंप कॅप्सूलवाला आहे, रोटाहेलर. त्याला सेन्सर बसतो का? कांद्याच्या खळ्यावर काम आहे, फोलपटांच्या धुळीने त्रास होतो. (लासलगाव)

डबीच्या डोक्यावर बसणारा सेन्सर रोटाहेलरला बसत नाही, आणि त्याची खंतही करू नका. तुमच्याकडे सेन्सरपेक्षा चांगला पुरावा आधीच आहे, रिकाम्या कॅप्सूल. एका बरणीत त्या साठवा आणि महिन्याच्या शेवटी मोजा. रोज दोन असतील तर ३० दिवसांच्या ६०. आणि प्रत्येक कॅप्सूल टाकण्याआधी उजेडात धरून बघा. आत पावडर उरली असेल तर श्वास कमी पडला.

तुमच्याकडे पद्धत पंपाच्या उलट असते, आणि पुष्कळांची गल्लत इथेच होते. पंपाला सावकाश ओढायचं, रोटाहेलरला जोरात. कोरड्या हातांनी कॅप्सूल घ्या, पारदर्शक बाजू खाली ठेवून चौकोनी भोकात बसवा, वरची कड भोकाच्या बरोबरीने येईपर्यंत दाबा. खालचा भाग फिरवा म्हणजे कॅप्सूल उघडते. श्वास बाजूला सोडा, यंत्रात कधीही नाही, कारण तोंडातल्या वाफेने पावडर गोळा होते. मग ओठ घट्ट लावून जोरात आणि खोल ओढा, दहा सेकंद धरा. पावडर उरली असेल तर तीच कॅप्सूल पुन्हा ओढा. कॅप्सूल गिळायची नाही. हे सांगायला लागतं, कारण गोळीसारख्या पाण्याबरोबर घेणारे आम्हाला भेटले आहेत. पावसाळ्यात कॅप्सूल पट्टीतून किंवा बाटलीतून घ्यायच्या वेळीच बाहेर काढा. आदल्या दिवशी खिशात टाकलेली कॅप्सूल दमट होऊन चिकटते.

कांद्याच्या फोलपटांबरोबर काळी बुरशीही उडते. कांदा साठवलेली चाळ फोडताना आणि वारं असताना मास्क लावा. झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडा. खळ्यावर धूळ फार असताना धाप वाढली, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि मग औषध घ्या.

मुलगी ९ वर्षांची. गजर वाजला की चिडते, "घेतला ना!" म्हणते आणि नसतो घेतलेला. सेन्सरने मुलांमध्ये फरक पडतो असं वाचलं, खरं का? शाळेतही द्यावा का? (नाशिक रोड)

फरक पडतो. न्यूझीलंडमध्ये ६ ते १५ वर्षांच्या २२० मुलांवर झालेला अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. दम्याचा झटका येऊन तातडीच्या विभागात आलेली ही मुलं होती. आठवण करून देणारा सेन्सर ज्यांना दिला त्यांनी ८४ टक्के डोस घेतले, ज्यांना आवाजाविना दिला त्यांनी ३० टक्के. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या २०१७च्या अभ्यासात हे आकडे ७० आणि ४९ टक्के आले. तिथे दम्याच्या प्रश्नावलीतले गुण दोन्ही गटांत फारसे वेगळे नव्हते, पण तोंडाने घ्यायचे स्टेरॉइडचे कोर्स आणि इस्पितळातली भरती आठवण मिळणाऱ्या मुलांमध्ये कमी होती. त्या अभ्यासात नोंदी बघून मुलांशी आणि पालकांशी बोललंही जात होतं, हे विसरू नका.

मुलगी चिडते कारण गजर तिच्या खेळात येतो. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळचा असेल तर तो ब्रशच्या पेल्यात ठेवा, पंप आधी, ब्रश नंतर. चूळही आपोआप भरली जाते. गजर त्या वेळेच्या वीस मिनिटांनंतरचा लावा. वेळेत घेतलं तर तो वाजतच नाही, अशी सोय काही अ‍ॅपमध्ये असते. मग गजर बंद ठेवणं हाच तिचा खेळ होतो. वयाच्या नवव्या वर्षी पफ तिने एकटीने घेऊ नये, कोणीतरी मोठं समोर असावं. सेन्सरने ही जबाबदारी संपत नाही. तिला स्पेसर मास्कशिवाय, नुसत्या मुखनळीने वापरता येईल.

शाळेत रोजचा पंप लागत नाही, म्हणून सेन्सरही नको. शाळेत निळा पंप, स्पेसर आणि कधी, किती घ्यायचा हे मराठीत लिहिलेला कागद ठेवा. वर्गशिक्षिका आणि पी.टी.चे सर दोघांनाही तो कुठे आहे ते माहीत हवं. कुलूपबंद कपाटात नको.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं. काही सेन्सरमध्ये नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. घरात लहान भावंड असेल तर झाकण स्क्रूने बंद होतं का ते पाहा. अशी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. शंका जरी आली तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट इस्पितळ गाठा.

वडील ७१, सिन्नरला एकटे राहतात. मी पुण्यात. त्यांच्या सेन्सरच्या नोंदी मला माझ्या फोनवर दिसतात. पहिला महिना छान होता. आता रविवारी मी यायच्या आदल्या रात्री तीस-चाळीस पफ दिसतात! (सिन्नर, सध्या पुणे)

वडील पंप हवेत रिकामा करतायत, म्हणजे तुम्ही आलात की आकडा बरोबर दिसावा. हे काही नवं नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत 'लंग हेल्थ स्टडी'मध्ये पंपांना वेळ टिपणारं यंत्र लावलं होतं. तपासणीच्या आधी तीन तासांत शंभराहून जास्त वेळा पंप दाबणारी माणसं त्यात सापडली. औषध नियमित घेतो असं दिसावं, हाच त्यांचा हेतू असावा.

रागावू नका, आणि "मला सगळं दिसतं" असंही म्हणू नका. पंप का नको वाटतो ते विचारा. स्टेरॉइडची भीती असेल तर आकडा सांगा. ब्युडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडचा एक पफ बहुधा १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमचा असतो, आणि प्रेडनिसोलोन या पोटात घ्यायच्या स्टेरॉइडची ५ मिलिग्रॅमची एकच गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, थेट तुलना होत नाही, पण पंपातलं औषध मोजकं असतं आणि जिथे हवं तिथेच जातं हे त्यावरून पटतं. "सवय लागेल" असं शेजाऱ्यांनी सांगितलं असेल. रोजच्या पंपाची सवय लागत नाही. बंद केल्यावर दमा पुन्हा डोकं काढतो, कारण दमा गेलेला नसतो. पैशांचं कारणही विचारा. पंप पुरवून वापरणारे पुष्कळ असतात आणि ते मुलाला सांगत नाहीत. साल्ब्युटामॉल (निळ्या पंपातलं औषध), ब्युडेसोनाइड आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हे इन्हेलर २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सरकारी रुग्णालयात काय मिळतं याची चौकशी करा.

नोंदी कोणी बघायच्या ते वडिलांनी ठरवावं. त्यांच्यासमोर अ‍ॅपच्या 'शेअरिंग'मध्ये जा आणि विचारा, "मला दिसू दे का, की फक्त डॉक्टरांना?" २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. दिलेली संमती परत घेण्याचा हक्क त्यात माणसाला दिला आहे. काही अ‍ॅप पफ घेतल्याची जागाही नोंदवतात, ती नको असेल तर बंद करा. आमच्या मते आठवड्यातून एकदा दोघांनी फोनवर मिळून नोंदी वाचणं, हे रोज लपून बघण्यापेक्षा बरं.

झटका आला तर अ‍ॅप सावध करतं का? डॉक्टरांना महिन्याचा आलेख दाखवला तर ते बघतही नाहीत. (इंदिरानगर)

अ‍ॅपवर विसंबून राहू नका. निळा पंप नेहमीपेक्षा जास्त लागतोय एवढी सूचना काही अ‍ॅप देतात. तुमचा निळा आणि रोजचा पंप एकच असेल, म्हणजे ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल दोन्ही कामांना दिला असेल, तर अ‍ॅपला तो फरक आधी सांगावा लागतो. नाही तर ते उगाच बोंब मारतं.

झटका ओळखायचा तो शरीरावरून. वाक्य एका दमात पूर्ण होत नाही, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो, ओठ निळसर दिसतात, निळ्या पंपाने आराम पडत नाही किंवा चार तासही टिकत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना असेल तर तीच पाळा. नसेल तर ताठ बसा, स्पेसरमधून निळ्या पंपाचे ४ पफ, एका वेळी एक, प्रत्येकाला ४ ते ६ श्वास. चार मिनिटं थांबा, फरक नसेल तर आणखी ४. तरीही नसेल तर १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत देत राहा. ओठ निळे असतील किंवा बोलताच येत नसेल तर १०८ आधी, पफ त्याबरोबरच. एकट्याला रिक्षात घालून पाठवू नका.

डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, तीस पानी आलेख त्यात बसत नाही. एका चिठ्ठीवर गेल्या चार आठवड्यांचे तीन आकडे लिहा: रोजचे किती डोस राहिले, निळा पंप किती दिवस लागला, रात्री किती वेळा जाग आली. सोबत पंप आणि स्पेसर न्या आणि म्हणा, "मी कसा घेतो ते बघा." सेन्सरला जे दिसत नाही ते त्यांना अर्ध्या मिनिटात दिसेल.

पंप धुताना सेन्सरचं काय करायचं? (देवळाली)

काढून बाजूला ठेवा, त्याला पाणी लावू नका. कोरड्या किंवा किंचित ओलसर फडक्याने पुसा. धातूची डबी बाहेर काढा, तीही भिजवू नका. नुसतं प्लास्टिक आठवड्यातून एकदा कोमट वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट धरा, झटका आणि रात्रभर वाळू द्या. छिद्राशी पांढरी पूड साठली की फवारा वाकडा जातो, सुईने खरवडू नका. स्पेसर भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि फडक्याने न पुसता निथळत ठेवा. पुसलं की स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. सगळं कोरडं झाल्यावर डबी बसवा, हवेत एक पफ सोडून बघा, मग सेन्सर लावा. एप्रिल-मेमध्ये पंप गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ५० अंशांच्या वर डबी फुटू शकते.